नदीचं सोनं आणि कानशीचं सोनं

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील सभांची, मोर्चांची पत्रकं छापून आणायचे आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकायचे. मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवरून. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की वाक्य संपलं की उद्गारचिन्ह द्यायचंच असतं. आणि पत्रकात माणसं नसायची, ‘बांधव’ असायचे. बांधवांना नाव नाही, चेहरा नाही, खोकला नाही. ते फक्त जागे व्हायचे किंवा झोपलेले असायचे.

पुढं मीही पत्रकं लिहू लागले. त्यातलं एक सोनझारी लोकांवर होतं. आमगावपासून थोड्या अंतरावर बाघ नदीच्या काठी त्यांची आठ-दहा घरं आहेत. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणी, धान कापून झालं की नदीची वाळू धुवून सोन्याचे कण काढणं, आणि वर्षातून दोन-चारदा गोंदियाच्या सराफ्यात जाऊन दुकानांपुढची धूळ आणि नालीतला गाळ आणून तो धुणं, असं त्यांचं चालतं. हे सगळं मी गुलाबी कागदावर छापलं होतं. वर मोठ्या अक्षरांत मथळा: ‘नदीतून सोनं काढणारे हात रिकामेच!’

त्या वस्तीतल्या एका बाईला मी ते पत्रक मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. मी तिला वहिनी म्हणायचे. शेवटपर्यंत तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हसत सुटली.

“रिकामे कायले म्हनता बाई? ओल्ले म्हना ना. दिवसभर पान्यात तं रायतेत.”

मला राग आला होता. आज कबूल करते, त्या पत्रकातलं एकही वाक्य तिच्या त्या वाक्याइतकं खरं नव्हतं.

वहिनीची मुलगी नऊ वर्षांची. ग्रामपंचायतीच्या एका जुन्या खोलीत मी दर रविवारी मुलांसाठी वाचनखोली चालवते, तिथं ती यायची. बोलायची कमी, वाचायची भराभर. एका रविवारी मी मुलांना सांगितलं, आपापल्या घरचं काम सांगा. कुणी ट्रॅक्टर सांगितला, कुणी शिलाई, कुणी शेळ्या. हिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, “माही माय नदीतून सोनं काढते.”

खोली हसली. मुलांच्या हसण्यात दुष्टावा होता असं मी म्हणणार नाही. त्यांना ते खरंच गोष्टीतलं वाटलं. पण किराणा दुकानदाराचा मुलगा, तिच्याच वयाचा, गोंदियात वाढलेला आणि हिंदीत भांडणारा, गप्प बसेना.

“नदी में सोना मिलता तो मेरे पापा दुकान क्यों खोलते? हम भी नदी में बैठते ना!”

“भेटते,” ती म्हणाली.

“दिखा फिर.”

“आता खिशात थोडीच हाय!”

“देखो, झूठी!”

मी त्याला दटावलं, सगळ्यांना श्रमाच्या प्रतिष्ठेवर चार वाक्यं ऐकवली. चारही वाक्यांच्या शेवटी उद्गारचिन्ह होतं. मुलांनी माना डोलावल्या आणि जाताना तिला ‘सोनपरी, सोनपरी’ म्हणत गेली.

पुढचे दोन रविवार ती आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. ती अंगणात धानाचा कोंडा पाखडत होती. मी कितीही समजावलं तरी वर बघेना. शेवटी म्हणाली, “समद्याईले नदीवर आना. त्याईच्या डोऱ्यानं पाहू द्या. सोनं निंगालं तं येतो मी तुमच्या खोलीत. नाही निंगालं तं मी खोटी. मंग नाही येत.”

“असं कसं? तू खोटी नाहीस हे मला माहीत आहे.”

“तुमाले माहीत असून काय होते?”

नऊ वर्षांच्या मुलीनं एवढं बरोबर बोलू नये. आत वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, “आना पोराईले. मी येतो ना संगं. पन एक सांगून ठेवतो बाई, नदी म्हंजे दुकान नोहे. एक दिस देते, चार दिस नाही देत. वरून आता ट्रॅक्टरवाल्याईनं वाळू इतकी उचलली का तिचं तिलेच समजत नाही का कुठं काय ठेवलं.”

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. वाळू नेणाऱ्यांविरुद्ध मी लिहिलंय, पुढंही लिहीन. ज्या नदीला कण कण जमवायला किती पावसाळे लागले असतील, ती चार ट्रॉल्यांत भरून नेणं ही चोरीच आहे. पण त्या संध्याकाळी मला नदीची नाही, त्या मुलीची काळजी होती. एका सकाळीत सोनं निघालं नाही, तर ही पोर वाचन सोडणार. तिच्या वस्तीतून वाचनखोलीत येणारी ती एकटीच होती.

म्हणून मी जे केलं ते केलं. गोंदियाला गेले. सराफ्यात आमच्या ओळखीचे एक सोनार आहेत, वडिलांच्या सभांना मागच्या रांगेत बसणारे. त्यांच्याकडून चिमूटभर कीस मागून आणला, दागिना कानशीनं घासताना पडतो तो. मुलांना दाखवायला, असं सांगितलं. पुडीला कागद हवा होता तेव्हा पिशवीतून माझं गुलाबी पत्रक काढून दिलं. परतीच्या गाडीत मी स्वतःशी छान वाद घातला. मोठ्या सत्यासाठी छोटं असत्य. नदीत सोनं आहेच, मी फक्त त्याला थोडं लवकर बोलावते आहे. असल्या युक्तिवादांवर मी दुसऱ्यांना फाडून खाल्लं आहे.

रविवारी सकाळी आठ मुलं घेऊन मी निघाले. धुकं होतं. शेतांत धानाचे पुंजणे, कापलेल्या पेंढ्यांचे ढीग, उभे होते आणि धसकटांमधून लाखोरीच्या डाळीची कोवळी रोपं वर आली होती. मुलांनी चमचे, ताटल्या, गाळण्या, एकानं तर चहाची किटली आणली होती. किराणावाल्याच्या मुलाच्या हातात रिकामा बिस्किटाचा डबा होता.

“ये सोना भरने के लिए,” तो म्हणाला. “पूरा भर के ले जाऊँगा.”

बाकीचे फिदीफिदी हसले. ती मुलगी पुढं चालत होती. तिनं मागं पाहिलं नाही.

वहिनी आधीच पाण्यात होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. हिवाळ्यात बाघ नदी पोटरीएवढी उरते आणि मधोमध वाळूची बेटं उघडी पडतात. पलीकडच्या काठावर मध्य प्रदेश, तिकडून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. वहिनीनं वळणाच्या आतल्या बाजूला, एका मोठ्या खडकाच्या पायथ्याशी खणलं होतं आणि निघालेल्या रेतीचा ढीग पोत्यावर घातला होता.

“वरची वाळू कामाची नाही,” ती मुलांना सांगू लागली. “सोनं जड. ते पान्यासंगं धावत नाही. जिथं पानी थकते तिथं ते बसते. गोट्याच्या आड, झाडाच्या मुरात, वळनावर. जसे तुमचे बुढे लोक पारावर बसतेत ना, तसं.”

मुलं हसली. मी वही काढली होती, ती तशीच पिशवीत ठेवली. एका वाक्यात तिनं सगळी नदी समजावली होती.

मग तिनं शिवणीच्या लाकडाची उथळ परात घेतली. दोन ओंजळी रेती टाकली, मोठे खडे बोटांनी वेचून फेकले, परात पाण्याखाली नेली आणि मनगटं फिरवली. मी हे आधीही पाहिलं होतं, पण पत्रक लिहिणारीच्या डोळ्यांनी, म्हणजे न पाहता. त्या दिवशी पाहिलं. तिचे खांदे हलत नव्हते. सगळं काम मनगटात होतं. परातीतलं पाणी गोल फिरायचं, एका बाजूनं हलकी पांढरी रेती घेऊन काठावरून उतरायचं, आणि प्रत्येक फेरीत तळाची रेती काळी होत जायची. शेवटी त्या दोन ओंजळी रेतीतून नखाएवढी काळी वाळू राहिली. तिनं त्यावर चमचाभर पाणी घेतलं आणि परात जराशी कलती केली. काळी वाळू शेपटीसारखी पसरली.

“सोनं असलं तं या शेपटीच्या मांगं रायते. आळशी हाय ना.”

नव्हतं. तिनं परात धुतली आणि दुसरी ओंजळ घेतली.

वहिनीनं दुसऱ्या दोन पराती मुलांना दिल्या, बाकीच्यांनी ताटल्या घेतल्या. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. कुणाची सगळी रेती एका झटक्यात नदीत गेली, कुणाचा चमचा वाहून गेला. किटलीवाल्यानं किटलीत मासोळी पकडली आणि तेवढ्यावर तो खूश झाला. वहिनीनं जुन्या स्पीकरचं चुंबक आणलं होतं. ते कोरड्या काळ्या वाळूवरून फिरवलं की चुंबकाला दाढी फुटायची. ती दाढी प्रत्येकानं आपल्या हनुवटीला लावून पाहिली. मध्येच एक पोरगी ओरडली, “सोनं!” सगळे धावले.

वहिनीच्या मुलीनं तिची ताटली घेतली, उन्हाला पाठ करून स्वतःच्या सावलीत धरली आणि परत दिली. “चमकी हाय. अभ्रक. उन्हात चमकते, सावलीत मरते. सोनं सावलीत पन पिवरंच रायते.”

“बहाना!” किराणावाल्याचा मुलगा म्हणाला. “अब हर चीज को बोलेगी चमकी है.”

ती खाली वाकून परात फिरवत राहिली. तिची मनगटं आईसारखीच चालत होती. तासभर झाला. बोटं गारठली, मुलं कंटाळू लागली, एकानं डबा उघडून पोहे खायला सुरुवात केली. वहिनीच्या परातीतही काही आलं नाही. मी मुलीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. मग मी पोत्यावरच्या ढिगापाशी गेले, रेती खालीवर करण्याचं निमित्त केलं, आणि गुलाबी पुडी उघडून ढिगात मिसळली.

सोनं कुणाच्या वाट्याला यावं? किराणावाल्याच्या मुलाच्याच. दहा मिनिटांत त्याची किंकाळी आली.

“सोना! अरे सोना! सच्ची में! देखो, देखो!”

सगळी मुलं पाणी उडवत पळाली. त्याच्या परातीत, काळ्या शेपटीच्या मागं, चार-पाच पिवळे कण लखलखत होते. त्यानं मान वर केली. आता त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. डोळे विस्फारलेले होते.

“तू सच बोल रही थी यार,” तो तिला म्हणाला.

तीन आठवडे त्या मुलीला जे हवं होतं ते तिच्यापुढं उभं होतं, आणि तेही नेमक्या त्याच तोंडून. मला वाटलं, जिंकलो. तिनं परात हातात घेतली. सावलीत धरली. बोटाचं टोक ओलं करून एक कण उचलला, डोळ्याजवळ नेला, मग दुसरा.

“हे नदीचं नाही,” ती म्हणाली.

“मतलब?”

“नदीचं सोनं चपटं रायते. घासून घासून कोंड्यावानी होते. याले कोर हाय, वाकडं हाय. हे कानसीचं हाय. गोंदियाच्या नालीत आमाले असंच भेटते.”

“अरे पागल, तू जीत गई!” तो ओरडला. “जीत गई तो भी ना बोल रही है?”

“नाही ना पन नदीचं!”

मी पाण्यात उभी होते आणि पाय बधिर झाले होते. सराफ्याची नाली. मी स्वतः ते छापलं होतं. ज्या माणसांना सोनाराचा कीस चिखलातून ओळखता येतो, त्यांच्यापुढं मी तोच कीस आणून टाकला होता. ज्या बांधवांवर मी लिहिलं होतं, त्यांना काय येतं हेच मला माहीत नव्हतं.

वहिनीनं परातीत एकदा पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या मुठीतून गुलाबी कागदाचं टोक बाहेर आलं होतं. तिला कळलं हे मला कळलं. बोलणं माझ्यावर सोडून ती खडकाला टेकून उभी राहिली.

“मी टाकलं,” मी म्हणाले. “सोनाराकडून आणलं आणि ढिगात टाकलं. आज सोनं निघालं नाही तर तुम्ही हिला खोटी म्हणाल, म्हणून.”

मासोळीवाल्या मुलानं विचारलं, “म्हंजे ताई, खोटं तुमी बोलल्या?”

“हो.”

“तुमीच तं सांगता का खोटं बोलू नोका म्हनून.”

“हो.”

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि तो बरोबर होता. माझा तिच्यावर विश्वास आहे असं मी म्हणत आले होते, आणि प्रत्यक्षात तिच्या नदीवर चिमूटभरही भरवसा ठेवला नव्हता.

“हा ढीग आता खराब झाला,” ती मुलांना म्हणाली. “यातून काही निंगालं तरी कोनाचं ते समजनार नाही. पराती धुवा. समद्या. वर जाऊ.”

ती जागा वहिनीनं आदल्या दिवशी फिरून फिरून शोधली होती. तीच सोडायची. शिवाय ऊन डोक्यावर येत होतं आणि चार मुलांना घरी जायचं होतं. मी वहिनीकडं पाहिलं.

“जा तिच्यासंगं,” ती म्हणाली. “मी नाही येत. तिनं सांगतलं, तिलेच दाखवू द्या.”

मग आम्ही त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मागं वरच्या अंगाला गेलो. ती पाण्याकडं पाहत चालायची, मध्येच थांबून पायाच्या बोटांनी तळ चाचपायची, डोकं हलवून पुढं जायची. एका ठिकाणी काठावरच्या जांभळाची मुळं नदीत उतरली होती. तिथं ती बसली. मुळांच्या बेचक्यात हात घालून तिनं मूठभर रेती काढली, ओठ हलवत काहीतरी पुटपुटली आणि परातीत टाकली. किराणावाल्याच्या मुलानं तिच्याशेजारी बसून हात घातला.

“खोल,” ती म्हणाली. “दगडाले लागेपर्यंत.”

“साँप हुआ तो?”

“तं तो पन म्हनल, झूठी.”

तो हसला. तीही हसली, त्या दिवशी पहिल्यांदा.

किती पराती धुतल्या मी मोजल्या नाहीत. मी फक्त खडे वेचत होते, तेवढंच काम मला मिळालं होतं. कुणीही निघून गेलं नाही. ज्यांना घरी जायचं होतं तीही थांबली. आता कुणी ओरडत नव्हतं. प्रत्येक परात शेपटीपर्यंत आली की सगळे श्वास रोखून बघायचे, आणि ती म्हणायची, “नाही.” एवढंच. एकदाही तिनं ‘असल, बहुतेक’ म्हटलं नाही. मोठ्या मोठ्या सभांत मी अशी जीभ पाहिलेली नाही.

दुपार कलली तेव्हा एका परातीत, काळ्या शेपटीच्या अगदी मागं, काहीतरी राहिलं. एकच. तांदळाच्या कण्यांतली सगळ्यात बारकी कणी असते ना, तिच्याहून लहान. मला तर आधी दिसलंच नाही.

“ये?” त्या मुलानं हळूच विचारलं. “ये कानसी का तो नहीं ना?”

तिनं परात त्याच्या हातात दिली. “पाह तूच.”

“मुझे क्या समझता!”

“सांगतलं ना मी कसं पाहाचं ते. पाह.”

त्यानं परात दोन्ही हातांनी धरली, पाणी सांडू नये म्हणून गुडघे वाकवून जांभळाच्या सावलीत नेली. बाकीची मुलं त्याच्याभोवती दाटली आणि ती मात्र पाण्यातच बसून राहिली, पाठमोरी. त्यानं बोट ओलं केलं, कण उचलला, डोळ्याजवळ नेला, उन्हात धरला, पुन्हा सावलीत.

“चपटा है,” तो म्हणाला. “कोंडे जैसा. और... सावलीत पन पिवरा.”

मुलं ओरडली नाहीत. एकेकानं पुढं होऊन त्याच्या बोटावर डोळा लावला. मग त्यानं तो कण आपल्या बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर टेकवला. एवढ्या मोठ्या झाकणावर तो शोधायला लागत होता.

खाली परतलो तेव्हा वहिनी खडकावर बसून पाय वाळवत होती. पोत्यावरचा ढीग नाहीसा झाला होता. तिनं माझ्या हातावर एक पुडी ठेवली. मी घाईत वाळूवर टाकून गेलेलं तेच गुलाबी पत्रक, नीट चौकोनी घडी केलेलं. उघडून पाहिलं तर आत कानशीचा कीस, धुतलेला, काळ्या वाळूचा एक कणही नसलेला. चिमूट जेवढी होती तेवढीच वाटली.

“गोंदियाच्याले वापस द्या,” ती म्हणाली. “नदीत दुसऱ्याचं ठेवत नाही आमी.”

एवढा वेळ ती एकटी बसून माझं खोटं नदीतून वेगळं काढत होती. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “माही कायले मांगता? तिची मांगा.” मी मागितली. मुलीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “ठीक हाय. पन आता पुडी आनू नोका.”

वाटेत किराणावाल्याचा मुलगा डब्याचं झाकण छातीशी धरून चालत होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून सगळ्यांच्या मागं. गावाजवळ आल्यावर तो धावत पुढं गेला आणि तिला गाठलं.

“पापा को दिखाऊँगा,” तो म्हणाला. “पर वो मानेंगे नहीं. बोलेंगे, कहीं से चिपका के लाया.”

तिनं चालणं थांबवलं नाही.

“मंग रविवारी खोली सुटल्यावर नदीवर आन ना त्यायले पन,” ती म्हणाली. “म्हन, चप्पल काढून या.”